जूनभोवतीचा लाल गोल

जयपूरच्या बनी पार्कातल्या एका ट्रॅव्हल एजंटाने माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, तिला. मला आजवर पुष्कळांनी फसवलं आहे आणि मीही काही जणांना पाणी पाजलं आहे. धंद्यात ते चालतं. आज ज्याने टोपी घातली त्याच्याबरोबर उद्या मी चहा पितो. हे मात्र मला विसरता येत नाही, कारण यात जिचं गेलं ती धंद्यात नव्हती.

वडील रेल्वेत फिटर. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी दहावीत होतो. ते निवृत्त होऊन परत गेले, मी राहिलो. रजया आणि निळी भांडी बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना पुठ्ठ्याची खोकी लागतात, ती मी बनवतो. सुरुवातीला सायकलला बांधून पोचवत होतो, आता गोदाम आहे. हे सगळं उभं राहिलं ते एका सवयीवर. समोरच्याने भाव सांगितला की मी उठतो. आवाज न करता दारापर्यंत जातो, चपला पायात सरकवतो, आणि थांबतो. दहातले नऊ जण त्या वेळी हाक मारतात. पंचवीस वर्षं मी असाच दारापर्यंत जाऊन परत येत आलो आहे. भाजीवाल्याकडे, सोनाराकडे, मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्याकडेसुद्धा. बायको अशा वेळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. तिला लाज वाटायची.

ती कोकणातली, दाभोळची. तिचे मामा विमा कंपनीत अधिकारी होते आणि बदलीवर जयपूरला होते, त्यांच्यामुळे आमचं जमलं. समुद्र पाहत वाढलेली मुलगी या कोरड्या गावात आली आणि चोवीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. मागून उपयोग नाही हे तिला ठाऊक असावं. मागितलेल्या प्रत्येक गोष्टीत मी घासाघीस केली असती.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट यायला बारा दिवस लागतील असं सांगितलं. त्या बारा दिवसांत मी गोदामात गेलो की परत येताना गल्लीच्या तोंडाशी मी थांबायचो. घराबाहेर चपला जास्त दिसल्या तर? आठव्या की नवव्या दिवशी संध्याकाळी ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, रिपोर्ट चांगला आला ना, तर मला एकदा बोटीत बसवा."

"होडीत? रामबागेच्या पलीकडे तलाव आहे की."

"होडीत नाही. बोटीत. मोठ्या."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. ती नऊ वर्षांची असताना मुंबईची आगबोट दाभोळला यायची. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत नेत. तिच्या आजोळी लग्न होतं. तिचंही तिकीट काढलं होतं, नवा फ्रॉक शिवला होता. धक्क्यावर तिकीट बघणाऱ्याने तिच्या हातावरचे लाल पुरळ बघितले आणि म्हणाला, गोवर दिसतोय, हिला घेता येणार नाही. आईला जाणं भाग होतं. हिला शेजारणीच्या हाती देऊन पडाव निघाला. "आई बोटीवर चढली ते दिसलं," ती म्हणाली, "पण ती हात हलवत होती की नाही ते एवढ्या लांबून दिसलं नाही." पुढे त्या बोटी बंद झाल्या. नंतर ती मुंबईला गेली ती एस.टी.ने.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी तपासत राहू. मी दुसऱ्याच दिवशी बनी पार्क गाठलं.

एजंटाचं ऑफिस म्हणजे त्याच्या घराचा पुढचा हॉल. टेबलावर काचेच्या पेटीत एक पांढरं जहाज ठेवलेलं, त्याच्या खिडक्यांतून बारीक दिवे लागायचे. गोड बोलणारा माणूस, माझ्याच वयाचा. कोचीहून सुटणारं एक जहाज आहे म्हणाला, मालदीव आणि कोलंबो करून परत कोचीलाच येतं. व्हिसाची भानगड नाही, दोन्हीकडे उतरल्यावरच शिक्का मारून मिळतो. त्यामुळे पासपोर्ट आधी कुठे पाठवायचेच नव्हते. हे मला तेव्हा फार सोयीचं वाटलं. कोचीच्या बंदरापर्यंत त्या पासपोर्टांकडे दुसरं कुणी बघणार नाही, हा त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

त्याने दोन्ही पासपोर्टांच्या झेरॉक्स घेतल्या. चष्मा लावून बघितल्या आणि म्हणाला, "नवम्बर में कोई दिक्कत नहीं, भाईसाहब."

आता पासपोर्टांचं सांगायला हवं, कारण चूक माझीही तिथेच आहे. दहाएक वर्षांपूर्वी दुबईला यंत्रांचं प्रदर्शन होतं, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच खिडकीवर अर्ज दिले होते. फोटोही एकाच स्टुडिओत. चौकशीला पोलीस शिपाई आला तो आधी मी गोदामात असताना. बायकोने त्याला चहा दिला, त्याने चार प्रश्न विचारले, तिचं काम झालं. माझ्यासाठी तो पुन्हा आला तेव्हा चहापाण्याची काही भाषा बोलला आणि मी गल्ली गोळा होईपर्यंत त्याच्याशी भांडलो. माझा पासपोर्ट नऊ महिन्यांनी आला. तोवर प्रदर्शन संपलं होतं. दोन्ही पुस्तिका रबर लावून एका पिशवीत कपाटात गेल्या आणि माझ्या डोक्यात ती चपलांसारखी एक जोडी झाली. बरोबर अर्ज केला, मतलब बरोबर संपणार. पुढे कधी बघायचं झालं तर मी वरचा उघडून बघायचो. वरचा माझा असायचा.

पहिली केबिन आतल्या बाजूची ठरली, बिनखिडकीची. बायको घरी म्हणाली, "खिडकी नसेल तर समुद्र कसा दिसणार?" मी परत गेलो. खिडकीचा भाव वेगळा होता. मी उठलो. दारापर्यंत गेलो, चपला सरकवल्या.

"भाईसाहब, बैठिए तो सही. आप तो नाराज़ हो जाते हैं." मी बसलो. तो म्हणाला, "जनवरी में ले लीजिए. खिड़की दे दूँगा, इसी रेट में."

मग त्याने आमची फाइल उघडली आणि बराच वेळ खाली बघत गप्प राहिला. समोरचा गप्प झाला की तो हरतोय, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. मी मनात खूश झालो. काचेतल्या जहाजाच्या खिडक्या मोजत बसलो. त्याने फाइल मिटली, हसला, हात पुढे केला. "आपसे कौन जीतेगा!"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आधीची तारीख काय वाईट होती?"

"खिडकी मिळतेय तुला."

"बरं," ती म्हणाली. पण कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पानावर तिने काढलेली खूण कितीतरी दिवस तशीच होती.

जानेवारी आला. तिलक नगरात आमच्या मागच्या गल्लीत एक मराठी गृहस्थ राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधल्या, ती सवय गेलेली नाही. मी त्यांना साहेब म्हणतो. बोट सुटायच्या अकरा दिवस आधी, रविवारी सकाळी, ते वर्तमानपत्र परत करायला आले. बायको बॅगा भरत होती. बाहेर थंडी अशी की तिने स्वेटर आधी भरले होते.

"वहिनी, मालदीवला स्वेटर कशाला हो?"

"जयपूरच्या स्टेशनपर्यंत तरी लागेल ना," ती म्हणाली. खुशीत होती. त्या दिवसांत ती स्वयंपाक करताना गुणगुणायची, हे मी पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो.

साहेबांनी बुकिंगचे कागद मागितले. मागचं बारीक छापलेलं पान त्यांनी उजेडाकडे धरलं.

"अटी वाचल्यात का?"

"अटी काय, सगळीकडे सारख्याच."

"सारख्या असत्या तर छापल्या नसत्या. हे बघा. पासपोर्टची मुदत परतीच्या दिवसापासून किमान सहा महिने असावी. जायच्या दिवसापासून नव्हे हं, परतीच्या. तुमचा दाखवा."

माझा पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत होता. "ठीक. वहिनींचा?"

"तोही तोच. एकदम काढलेत."

"तरी बघू."

रबर काढून त्यांनी खालची पुस्तिका उघडली. मग डावा हात पुढे धरून एकेक बोट मिटायला लागले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. हात संपला. सहावं बोट नव्हतं. त्यांनी मिटलेल्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाले, "जूनअखेर संपतोय हो हा."

मी पुस्तिका त्यांच्या हातातून घेऊन स्वतः वाचली. बायको स्वेटर हातात घेऊन उभी होती.  तिचं गुणगुणणं थांबलं.

मी एजंटाला फोन लावला. तो रविवारचा जेवत होता. "अरे भाईसाहब, चलता है. पाँच महीने हैं ना? वहाँ कौन देखता है."

सोमवारी सकाळी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने चहा मागवला. कितीतरी माणसं अशीच जातात म्हणाला, आपलं बोलणं झालेलं आहे म्हणाला, तिथला माणूस ओळखीचा आहे म्हणाला. मी म्हटलं, मग हेच सगळं तुझ्या लेटरहेडवर लिहून सही कर. बंदरावर अडवलं तर जबाबदारी तुझी, एवढी एक ओळ.

"हर चीज़ लिखके थोड़े ही होती है, भाईसाहब. भरोसा भी कोई चीज़ है."

"भरोसा है तो लिख दो."

त्याने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. मला तिथेच कळलं. पंचवीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे, की ज्याला खात्री असते तो लिहायला घाबरत नाही. वर तो मला समजावायला लागला. "ज़्यादा से ज़्यादा क्या होगा? आपका पासपोर्ट तो ठीक है. आप घूम आना, भाभीजी चार-पाँच दिन कोची देख लेंगी."

माझा हात त्या काचेच्या पेटीवर गेला. फोडणारच होतो. ती उचललीही, पण माझ्या डोळ्यांसमोर कोचीचा धक्का होता. ती खाली उभी, मी वर. आणि मी हात हलवतोय की नाही ते तिला दिसत नाहीये.

मी पेटी जागेवर ठेवली आणि उठलो. या वेळी दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने हाक मारली नाही.

रविवार आणि सोमवार, दोन दिवस त्याच्या 'चलता है'मध्ये गेले. मंगळवार कागद गोळा करण्यात गेला. जुन्या पासपोर्टवर पत्ता बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या खोलीचा होता. विजेचं बिल माझ्या नावावर, ती माझी बायको याचा पुरावा माझ्या पासपोर्टात. मी माणसांना खोकी विकली, माल विकला, शब्द विकला. पण ही माझी बायको आहे हे पटवण्यासाठी कागद शोधायची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. बुधवारी उजाडताच आम्ही झालान्याला पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत उभे राहिलो. मागच्या जंगलातून मोर ओरडत होते. बायकोने शाल डोक्यावरून घेतली होती आणि कागदांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, ऑपरेशनची जागा झाकल्यासारखी.

खिडकीवर एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले. मी सवयीने बोलायला सुरुवात केली, मैडम, आप चाहें तो, आपके हाथ में है. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"ये सब्ज़ी मंडी नहीं है, भैया."

मी हात जोडले. मी कुणापुढे हात जोडलेले बायकोने पूर्वी पाहिले नव्हते.

त्या म्हणाल्या, तत्काळमध्येही आम्ही कामाचे सात दिवस सांगतो, कधी चारात निघतो, पण वचन देणार नाही. मध्ये शनिवार-रविवार आहे, संक्रांतीची सुट्टी आहे. पासपोर्ट पोस्टानेच येईल. मग जुनी पुस्तिका पुढे ओढून म्हणाल्या, "ये अभी कैंसिल होगा. सोच लीजिए."

मी बोटं मोजली. कामाचे चार दिवस लागले तर मंगळवारी निघेल. सात लागले तर बोट गेलेली असेल. आणि जुना दिला की 'चलता है'चं ते फटीएवढं दारही बंद. कोण जाणे, खरंच कुणी बघत नसेल तर? पाच महिने आहेत, एखादा चांगला माणूस काउंटरवर असेल तर? मी बायकोला बाजूला घेतलं. म्हटलं, जुना ठेवू या. कोचीला नशीब बघू. तिथे मी बोलतो त्यांच्याशी, मी करतो काहीतरी.

"काय कराल?" ती म्हणाली. "दारापर्यंत जाऊन याल?"

चोवीस वर्षांत ती मला असं बोलली नव्हती.

"मला धक्क्यावर उभं राहून कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही आता," ती म्हणाली. "एकदा बघितलंय. नाही जायचं असेल तर ते इथेच कळू दे. माझ्या घरात."

ती स्वतः खिडकीपाशी गेली आणि पासपोर्ट आत सरकवला. बाईंनी कात्री घेतली आणि पुस्तिकेचा कोपरा कापला. कच्च असा लहानसा आवाज झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बॅगा पुढच्या खोलीत भरून उभ्या होत्या, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. गुरुवार, शुक्रवार, पोस्टमन आला की मी जिन्यात. एक विजेचं बिल, एक लग्नाची पत्रिका. त्याला मी दोनदा विचारलं तेव्हा तो वैतागला, "आएगा तो मैं खा थोड़े ही जाऊँगा, अंकल." सोमवारी दुपारी आमची गाडी जयपूरहून सुटायची होती, दोन दिवसांचा प्रवास. पासपोर्ट आला नाही. मी ती गाडी जाऊ दिली आणि बुधवारी संध्याकाळच्या विमानाची तिकिटं काढली, सांगतील त्या भावाने. पहिल्यांदाच. तिकिटांच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, कन्फर्म करूँ?" आणि मी उठलो नाही.

मंगळवारी जहाजाच्या कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. मी जितका चढ्या आवाजात बोललो तितकी ती नम्र होत गेली. पासपोर्ट हातात नसेल तर चढता येणार नाही, सर.

त्या दिवसांत मला एक वेगळीच भीती धरून बसली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. फेब्रुवारीत तिची तपासणी होती. डॉक्टरही तिला सहा-सहा महिन्यांचीच मुदत देत होते. पुढच्या वेळी कागदावर काय लिहून येईल ते कुणाला ठाऊक? ही बोट गेली तर पुढची आहे, असं मी स्वतःला सांगायला जायचो आणि मध्येच थांबायचो.

बुधवारी संक्रांत होती. सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर. सकाळपासून 'वो काटा, वो काटा' चाललेलं, भोंग्यांवर गाणी. पोस्टमन येणार नव्हताच, तरी मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. विमानतळावर न्यायला टॅक्सी दोनला सांगितली होती. टॅक्सीवाला आला, बॉनेटला टेकून पतंग बघत उभा राहिला. तिने नवी साडी नेसलेली होती. तीन वाजले. साडेतीन. मी झालान्याला फोन लावला, सुट्टीचा दिवस, वाजत राहिला. चार वाजता ती बाहेर आली, टॅक्सीवाल्याच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले आणि म्हणाली, "जाओ भैया, आज नहीं जाना."

गुरुवारी दुपारी एक वाजता पोस्टमनने हाक मारली. पासपोर्ट ऑफिसने सांगितलेल्या मुदतीत, उलट दोन दिवस आधीच, तो आला होता. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिने सही केली, पाकीट उघडलं. दहा वर्षांची मुदत. कोरी पानं.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली.

मग तिने बॅग उघडली आणि स्वेटर बाहेर काढून घडी मोडली. बोट संध्याकाळी पाचला सुटायची होती. पाच वाजता आम्ही चहा घेत होतो. घड्याळाकडे न बघता ती म्हणाली, "सुटली असेल."

त्या मोसमानंतर ते जहाज कोचीला परत आलं नाही. दुसरीकडून सुटणारी आहेत, साहेब कात्रणं आणून देतात. मी तिला तीनदा विचारलं. ती म्हणते, बघू. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, आता नका विचारत जाऊ. मी पुन्हा तयारी करायची, आणि पुन्हा काहीतरी निघायचं. मला भीती वाटते." फेब्रुवारीची तपासणी चांगली निघाली. ऑगस्टचीही. दर वेळी रिपोर्टचं पाकीट मी आधी खिशात ठेवतो आणि गाडीत बसल्यावर उघडतो.

बोट गेल्यावर महिन्याभराने मी आमची फाइल मागायला बनी पार्कात गेलो होतो. पैशांबद्दल मी इथे लिहीत नाही, ते जे झालं ते झालं. फाइल तो देत नव्हता, मी ओढून घेतली. आत तिच्या पासपोर्टची झेरॉक्स होती. मुदतीच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल काढलेला. शेजारी त्याच पेनाने, त्याच्याच अक्षरात, दोन शब्द एकाखाली एक. 'नवम्बर', त्याच्यापुढे बरोबरची खूण. 'जनवरी', त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

म्हणजे भाईसाहब, तारीख बदलली त्या दिवशी, मी तुझ्या जहाजाच्या खिडक्या मोजत बसलो होतो तेव्हा, तू मान खाली घालून हे बघत होतास.

मी कागद त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "आपको बताता तो आप बुकिंग तोड़ देते. और तारीख तो आपने ही बदलवाई थी, भाईसाहब."

बदलवली. मीच बदलवली. खिडकीसाठी मी दारापर्यंत गेलो, खालची पुस्तिका मी उघडून पाहिली नाही, आणि त्याचा जबाब मी रोज देतो, सकाळी चहाचा कप तिच्या हातातून घेताना. माझ्या वाटणीचं मी नाकारत नाही. पण नोव्हेंबर ते जानेवारी तुझ्या हातात अडीच महिने होते. एक फोन केला असतास तर झालान्याच्या बाईंनी पाच वेळा पासपोर्ट काढून दिला असता. मी रविवारी फोन केला तेव्हा खरं बोलला असतास, तर सोमवारीच रांगेत उभे राहिलो असतो. तरीही तू चहा मागवलास.

तो कागद माझ्याकडे आहे. बनी पार्क ते तिलक नगर रिक्षाने फार तर अर्धा तास. ये. मला काही सांगू नकोस, माझ्याशी बोलायला तू तयार असशील, आपण दोघं एकाच बाजारातले आहोत. तिच्यासमोर उभा राहा. ती दारात येईल, तुला बसायला सांगेल, पाणीही देईल. तिच्या हातात हा कागद असेल. तू जानेवारीपुढे प्रश्नचिन्ह काढलंस आणि पेनाला टोपण लावलंस. त्याचं उत्तर तिला दे.